पासवर्ड बरोबर आहे, तरी मेल प्रोग्राम दारातच का अडतो?

ब्राउझरमध्ये मेल उघडतं. नवी पत्रं दिसतात, उत्तरं जातात, कसलीच तक्रार नाही. त्याच संगणकावरचा आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा मेल प्रोग्राम मात्र पासवर्डची खिडकी पुढे करून बसतो. पासवर्ड टाकला की खिडकी जाते आणि क्षणभरात परत येते. पासवर्ड तोच, खातं तेच, इंटरनेटही तेच, मग अडतंय कुठे?

हा त्रास गेल्या काही वर्षांत वाढला आणि त्याला ठरावीक तारखा आहेत. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांचा मेल नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामना देणं थांबवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या खात्यांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने आणि आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं. ज्यांचं वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं, नेमकं त्यांचंच बिघडलं. त्यांनी काहीच बदललं नव्हतं, म्हणूनच बिघडलं.

अर्थात प्रत्येक अडचणीचं मूळ तिथेच नसतं. पण कुठे आहे ते शोधता येतं, आणि त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

इमारत एक, दारं वेगळी

तुमचे मूळ मेल ब्राउझरमध्येही नसतात आणि आयमॅप नावाच्या रीतीने (ती पुढे सांगतो) जोडलेल्या प्रोग्राममध्येही नसतात. ते असतात सर्व्हरवर, म्हणजे मेलसेवा देणाऱ्या कंपनीच्या सतत चालू असलेल्या संगणकावर. ही एक इमारत समजा. वेबमेल, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा मेल, हे तिचं पुढचं दार. मागच्या बाजूला आणखी दोन दारं आहेत: एकातून आलेली पत्रं घ्यायची, दुसऱ्यातून आपली पत्रं पाठवायची. संगणकावरचा मेल प्रोग्राम बहुधा मागच्या दारांनी ये-जा करतो. तिन्ही दारांवर पहारेकरी वेगळे आणि नियमही वेगळे. दाराला जो क्रमांक असतो त्याला पोर्ट म्हणतात.

पत्रं घेण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. पॉप ही त्यातली जुनी, १९८४ सालची: मेल आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरची प्रत पुसून टाकायची. सर्व्हरवर जागा मोजकी आणि जोडणी थोड्याच वेळाची असायची, त्या काळात हे शहाणपणाचंच होतं. दुसरी आयमॅप. तिचा पाया मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात घातला. हिच्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि प्रोग्राम तिथलं चित्र दाखवतो. फोनवर वाचलेला मेल संगणकावरही वाचलेला दिसतो, तो यामुळेच. पाठवण्याचं काम तिसऱ्या रीतीचं, तिचं नाव एसएमटीपी. ती १९८२ पासून आहे.

तिन्ही रीती चाळिशीच्या घरातल्या. इंटरनेटवर एकमेकांना ओळखणारी, विश्वासातली माणसं होती, त्या काळी त्या आखल्या गेल्या. नंतर त्यांच्यावर सुरक्षेचे थर एकेक करून चढवत गेले. आजच्या बहुतेक कटकटी त्या थरांच्या सांध्यांतल्या आहेत.

वेबमेल उघडतं, म्हणजे अर्धं निदान झालं

वेबमेल चालतं आणि प्रोग्राम चालत नाही, याचा लोकांना राग येतो. खरं तर ही चांगली बातमी आहे. खातं जिवंत आहे, मेल सुरक्षित आहेत आणि सेवा बंद पडलेली नाही, एवढं सगळं एका झटक्यात कळलं. अडचण राहिली ती फक्त मागच्या दाराशी.

उलट वेबमेलही उघडत नसेल, तर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये हात घालूच नका. आधी पुढचं दार उघडू द्या. प्रोग्रामला दोष देण्याच्या भरात चालू सेटिंग बिघडवून ठेवणारे लोक कमी नाहीत.

एक चाचणी मात्र लगेच करून बघा: संगणक फोनच्या हॉटस्पॉटला जोडा आणि प्रोग्राम पुन्हा चालवा. तिथे मेल आले, तर दोष तुमच्या नेहमीच्या नेटवर्कचा. कार्यालयांतल्या आणि वसतिगृहांतल्या फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा रोखणाऱ्या यंत्रणा) वेब चालू ठेवून मेलची पोर्ट बंद करतात, हे सर्रास घडतं. आणखी एक शक्यता आहे. पासवर्ड बदलल्यावर जुना पासवर्ड एखाद्या प्रोग्राममध्ये तसाच राहतो, तो दर काही मिनिटांनी चुकीची कडी वाजवत बसतो, आणि सर्व्हर वैतागून त्या नेटवर्कचा पत्ताच काही काळ अडवून ठेवतो. मग त्याच घरातल्या दुसऱ्या संगणकावरही मेल बंद होतो आणि कुणालाच कारण कळत नाही. स्वतःच्या डोमेनवर (इंटरनेटवरच्या स्वतःच्या नावावर) मेल चालवणाऱ्या लहान कार्यालयांत हे वारंवार दिसतं. तिथे आधी तो अडेल जुना प्रोग्राम शोधायचा, मग सेवादात्याला अडवणूक काढायला सांगायची. हा क्रम उलटा केला, तर तासाभरात पुन्हा अडवणूक होते.

खिडकी बंद करण्याआधी तिच्यावरचं वाक्य वाचा

चूक दाखवणारा संदेश आला की आपण सवयीने 'ओके' दाबतो. पण त्या एका ओळीत, प्रोग्राम कुठवर पोचला होता ते लिहिलेलं असतं. जोडणीचे टप्पे तीन: सर्व्हर सापडणं, तो खराच तो आहे याची खात्री पटणं, आणि मग आपली ओळख पटवणं.

'टाइम आउट' किंवा 'सर्व्हर सापडला नाही' असं दिसलं, तर गाडी पहिल्याच टप्प्यावर थांबली आहे. इथे पासवर्ड पन्नास वेळा बदलूनही उपयोग नाही, कारण तो विचारण्याची वेळच आलेली नाही. सर्व्हरचं नाव आणि पोर्ट तपासा. आयमॅपला ९९३, पॉपला ९९५, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ हे आजचे प्रचलित क्रमांक. जुन्या सूचनापत्रकात १४३ किंवा ११० लिहिलेले सापडतील. ते सुरुवातीला उघड्यावर बोलणारे क्रमांक आहेत, अनेक सेवा आता ते स्वीकारत नाहीत. सर्व्हरचं नाव सेवादात्याच्या मदतपानावरून जसंच्या तसं उचलावं, आठवणीतून टाइप करू नये.

स्वतःचं डोमेन असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या तपासाव्यात. संकेतस्थळ नव्या होस्टिंगवर (ते ठेवण्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर) हलवलं आणि मेलही सोबत गेला, पण प्रोग्राम अजून जुन्याच सर्व्हरचं दार ठोठावतोय, असं होतं. किंवा संकेतस्थळापुढे क्लाउडफ्लेअरसारखी आडोसा देणारी सेवा बसवली आणि मेलचं नावही नकळत त्याच आडोशामागे गेलं. हा आडोसा वेबची वाहतूक पुढे जाऊ देतो, मेलची नाही. परिणामी वेबमेल छान चालतं आणि आयमॅप मात्र ताटकळत राहतं. संकेतस्थळ सांभाळणारा म्हणतो 'माझ्याकडे सगळं चालतंय', आणि त्याच्या पडद्यावर ते खरंच चालत असतं.

बरोबर पासवर्डला नकार का मिळतो

आता मुख्य मुद्दा. 'ऑथेंटिकेशन फेल्ड' किंवा पुन्हा पुन्हा येणारी पासवर्डची खिडकी म्हणजे तिसरा टप्पा. सर्व्हर सापडला, खात्रीही पटली, आणि मग तुमची ओळख नाकारली गेली.

पूर्वी मेल प्रोग्राम तुमचा पासवर्ड स्वतःकडे ठेवायचा आणि दर वेळी सर्व्हरला सांगायचा. यात दोन तोटे. तोच पासवर्ड तुमच्या खात्यातलं बाकी सगळंही उघडतो: फोटो, कागदपत्रं, कदाचित खरेदीसुद्धा. शिवाय फोनवर येणारा कोड विचारण्याची सोयच या जुन्या संभाषणात नाही. त्यामुळे पुढच्या दारावर तुम्ही कितीही कुलपं लावली, तरी चोरलेल्या पासवर्डने मागचं दार उघडायचं. कंपन्यांनी बंद केली ती ही पळवाट. लोकांची गैरसोय झाली हे खरं, पण माझ्या मते निर्णय बरोबर होता आणि उशिराच झाला. चूक झाली ती सांगण्याच्या पद्धतीत: जुने प्रोग्राम अजूनही 'पासवर्ड चुकीचा' एवढंच म्हणतात. 'ही पद्धत आता चालत नाही' असं त्यांना म्हणता येत नाही, कारण ते लिहिले गेले तेव्हा असा प्रसंगच कुणाच्या डोक्यात नव्हता.

नव्या पद्धतीचं नाव ओऑथ. प्रोग्राम एक ब्राउझरसारखी खिडकी उघडतो, तुम्ही थेट गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर ओळख देता, कोडही तिथेच टाकता, आणि कंपनी प्रोग्रामला फक्त मेलपुरता परवाना देते. पासवर्ड प्रोग्रामच्या हाती लागतच नाही. हवा तेव्हा तो परवाना खात्याच्या सुरक्षा-पानावरून रद्दही करता येतो.

थंडरबर्डमध्ये हे कसं करायचं ते सांगतो, कारण तिथेच लोक अर्ध्यावर अडकतात. खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये 'ऑथेंटिकेशन मेथड' नावाची यादी आहे, तिथे 'नॉर्मल पासवर्ड' ऐवजी 'ओऑथ२' निवडा. मग पाठवणाऱ्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन तेच पुन्हा करा. ते पान वेगळीकडे आहे आणि बहुतेक जण ते विसरतात. नंतर साठवलेल्या पासवर्डांच्या यादीतून त्या खात्याची जुनी नोंद काढून टाका आणि कुकीज (संकेतस्थळांनी साठवलेल्या छोट्या नोंदी) चालू आहेत ना ते बघा. कुकीज बंद असतील तर ओळख देण्याची खिडकी नीट चालत नाही.

आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांना ओऑथ येतच नाही, उदाहरणार्थ २०१० च्या आवृत्तीला. तिथे जीमेलपुरता एक मार्ग उरतो: ॲप पासवर्ड. गूगल एका प्रोग्रामसाठी १६ अक्षरी वेगळा पासवर्ड तयार करून देतं. तो एकदाच दिसतो, आणि खात्याला दोन टप्प्यांची ओळख चालू असेल तरच मिळतो. याहू आणि ॲपलचं आयक्लाउड यांच्याकडेही अशी सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यांना आयमॅप आणि पॉपसाठी ओऑथच लागतो, म्हणजे तिथे जुना प्रोग्राम बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

'पण कालपर्यंत चालत होतं!'

चालत असेल. खात्याचा पासवर्ड हल्लीच बदललाय का, ते आठवून बघा. गूगलकडे पासवर्ड बदलला की आधी दिलेले ॲप पासवर्ड रद्द होतात आणि मेलसाठी दिलेला ओऑथचा परवानाही संपतो. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे: कुणी खात्यात घुसलं म्हणून तुम्ही पासवर्ड बदललात, तर त्याने जोडलेले प्रोग्रामही त्याच क्षणी बाहेर पडावेत. तुमचा प्रोग्राम त्या झाडाझडतीत सापडतो इतकंच. पुन्हा ओळख दिली की काम होतं.

पासवर्ड बदललेला नसेल, तर जागा बघा. गूगलच्या मोफत खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते. ती भरली की नवा मेल येणं आणि जाणं दोन्ही थांबतं, जुने मेल मात्र वाचता येतात. त्यामुळे जोडणी तुटलीय असा भास होतो. शिवाय जीमेलच्या एका खात्याला एका वेळी १५ पर्यंतच आयमॅप जोडण्या चालतात. एकच प्रोग्राम वेगवेगळ्या फोल्डरसाठी अनेक जोडण्या उघडतो, त्यात दोन संगणक, फोन आणि टॅबलेट मिळाले की मर्यादा संपायला वेळ लागत नाही. प्रोग्रामच्या प्रगत सेटिंगमध्ये ही संख्या कमी करता येते.

'प्रमाणपत्र अवैध' म्हणजे कुणी हॅक केलं का?

बहुधा नाही, पण 'अपवाद जोडा' हे बटण दाबण्याची घाई करू नका. हा दुसरा टप्पा आहे. सर्व्हर स्वतःची ओळख सांगणारं डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो, आणि प्रोग्राम त्यावरचं नाव, मुदत आणि ते कुणी दिलं हे तपासतो.

सगळ्यात साधं कारण घड्याळ. संगणकाची तारीख चुकलेली असेल, तर चांगलं प्रमाणपत्रही मुदत संपलेलं किंवा अजून सुरूच न झालेलं वाटतं. दुसरं कारण नाव. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक संकेतस्थळं एकाच सर्व्हरवर असतात तिथे, प्रमाणपत्र होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरच्या नावाचं असू शकतं आणि तुम्ही स्वतःच्या डोमेनचं नाव भरलेलं असतं; प्रमाणपत्रावर आहे तेच नाव, सेवादात्याकडून खात्री करून, भरलं की प्रश्न मिटतो. तिसरं कारण तुमच्याच संगणकातलं: काही अँटिव्हायरस मेल तपासण्यासाठी मध्ये बसतात आणि सर्व्हरच्या जागी स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतात. थंडरबर्ड विश्वासू नावांची यादी स्वतःची ठेवतं, त्यामुळे ते चटकन बिथरतं. अँटिव्हायरस अख्खा बंद करायची गरज नाही, त्यातली मेल तपासणी तेवढी बंद करून बघा. जोडणी मिळाली, तर गुन्हेगार सापडला.

संगणक फार जुना असेल तर आणखी एक अडचण येते. जोडणीवरचं संभाषण गुप्त ठेवणारा जो थर आहे, त्याला टीएलएस म्हणतात. त्याच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरल्या, आणि बहुतेक सेवा आता १.२ च्या खाली बोलत नाहीत. ब्राउझरने स्वतःला अद्ययावत करून घेतलेलं असतं, म्हणून वेबमेल उघडतं. जुना मेल प्रोग्राम मात्र जुन्याच भाषेत बोलत राहतो.

मेल येतात, पण जात नाहीत

येणं आणि जाणं ही दोन वेगळी दारं आहेत, हे आठवलं की गोंधळ निम्मा होतो. मेल आउटबॉक्समध्ये अडकले असतील तर येणाऱ्या सर्व्हरला हात लावू नका.

पोर्ट २५ भरलेलं असेल तर बदला. कचरामेल रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या ते ग्राहकांना बंद ठेवतात. ते सर्व्हरांनी आपसात बोलण्यासाठी आहे. 'रिले नाकारलं', म्हणजे सर्व्हरने मेल पुढे न्यायला नकार दिला, असा संदेश आला, तर पाठवणाऱ्या सर्व्हरसाठी ओळख देण्याचा पर्याय बहुधा चालू केलेला नाही. आणि एखादाच मेल अडकत असेल, बाकीचे जात असतील, तर जोडलेली फाइल बघा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमधून जाताना फाइल मजकुराच्या रूपात बदलावी लागते आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून मर्यादेच्या जवळ जाणारी फाइलही परत येऊ शकते. वेबमेलमध्ये जीमेल मोठी फाइल आपोआप ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवतं. प्रोग्रामला ती सोय नाही. त्यामुळे 'वेबमेलवरून गेली ना!' हे खरं असतं, फक्त गेली ती फाइल नव्हती.

जोडणी झाली, तरी दोन्हीकडचं चित्र जुळत नाही

दोन आठवड्यांपूर्वीचे मेल वेबमेलमधून गायब आणि प्रोग्राममध्ये मात्र आहेत, असं दिसलं की शंभर टक्के नाही, पण बहुतेक वेळा पॉप निघतं. पॉपच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरवर प्रत ठेवा' याच्या खाली 'इतक्या दिवसांनी काढून टाका' असा पर्याय असतो, आणि अनेक प्रोग्राममध्ये तिथे १४ दिवस आधीच भरलेले असतात. एकाहून जास्त उपकरणांवर मेल बघणाऱ्याने आज पॉप वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट जुने मेल वेबमेलमध्ये आहेत पण प्रोग्राममध्ये नाहीत, तर मर्यादा कुठेतरी घातलेली असते. आउटलुकमध्ये किती महिन्यांचे मेल संगणकावर ठेवायचे याची पट्टी असते.  अख्खा फोल्डरच दिसत नसेल, तर प्रोग्राममध्ये त्या फोल्डरचं 'सबस्क्राइब' (तो दाखवण्याची निवड) बंद आहे का ते बघा.

पाठवलेले मेल दोनदा दिसणं हा जीमेलचा खास प्रकार. जीमेल पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतं, आणि प्रोग्रामही आपली एक ठेवतो. प्रोग्राममधली प्रत ठेवणं बंद करा.

'खातं काढून पुन्हा जोडलं तर?'

हा सल्ला सगळे देतात, आणि आयमॅपवर तो बहुधा निभावतो, कारण मेल सर्व्हरवरच असतात. पॉपवर मात्र तुमच्या मेलची एकमेव प्रत त्या संगणकावर असू शकते. खातं काढताना ती गेली, तर वेबमेलमधून परत मिळणार नाही. प्रोग्राममध्ये 'लोकल' किंवा 'या संगणकावर' नावाच्या फोल्डरांत हलवलेले मेलही याच जातीचे, खातं आयमॅपचं असलं तरी. म्हणून आधी खात्याचा प्रकार बघा, प्रोग्राम बंद करून त्याचं प्रोफाइल किंवा डेटा फाइल दुसरीकडे कॉपी करा आणि मगच हात लावा. त्याहून बरं म्हणजे खातं न काढता तेच खातं दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये जोडून बघावं. तिथे चाललं, तर दोष पहिल्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये. तिथेही अडलं, तर सर्व्हर किंवा नेटवर्क.

एवढी उठाठेव करण्यापेक्षा वेबमेलच का नको?

एकच खातं असेल आणि इंटरनेट कायम मिळत असेल, तर खरंच वेबमेल पुरतं. पण चार खाती एकत्र बघायची असतील, जोडणी नसताना जुने मेल शोधायचे असतील, किंवा मेलची स्वतःच्या ताब्यातली प्रत हवी असेल, तर प्रोग्रामला पर्याय नाही. शेवटचं कारण मला सगळ्यात वजनदार वाटतं. खातं कुलूपबंद झालं तर वेबमेलमध्ये काहीच हाती उरत नाही.

सगळं करूनही अडलंच, तर सेवादात्याला 'मेल चालत नाही' एवढंच कळवू नका. चूक दाखवणाऱ्या संदेशाचा शब्दशः मजकूर, घटनेची वेळ, आयमॅप की पॉप, भरलेलं सर्व्हरचं नाव आणि पोर्ट, ओळख देण्याची पद्धत, हॉटस्पॉटवर चालतं की नाही, एवढं लिहा. पासवर्ड लिहू नका. खऱ्या मदतनिसाला तो लागत नाही, आणि मागणारा मदतनीस नसतो.